वरून आलेला फोन

मे महिना लागला की आमच्या कॉलनीतल्या गच्च्या पांढऱ्या होतात. जुन्या साड्या अंथरून त्यांवर कुरडया, साबुदाण्याच्या पापड्या, बटाट्याचा कीस, आणि वाऱ्याने साडी उडू नये म्हणून चारी कोपऱ्यांना विटा. दुपारी वर गेलं की डोळे दिपतात. परवा शेजारच्या मंगलाताईंना कुरडया उलथायला मदत करायला गेले, तर त्या सहज म्हणाल्या, "गेल्या वर्षी सायरन वाजला होता, आठवतं का हो? मी तुम्हाला विचारलं होतं, कुरडया आत घ्यायच्या का म्हणून."

आम्ही दोघी हसलो. तेव्हाही हसलो होतो. सायरन सरावाचा होता, संध्याकाळी थोडा वेळ दिवे बंद ठेवायचे होते, आणि मंगलाताईंची कुरडईची काळजी अगदी खरी होती. पण या वर्षी हसता हसता माझा हात साडीवर तसाच राहिला. उन्हात वाळणाऱ्या गव्हाच्या चिकाचा तो आंबूस वास नाकात गेला की मला आता उन्हाळा आठवत नाही. कोऱ्या सुटलेल्या जागा आठवतात. जिथे बातमी असायला हवी होती आणि नव्हती, अशा जागा.

नाशिककरांना लढाईचा आवाज तसा नवा नाही. देवळालीकडून तोफांच्या सरावाचे धमाके आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय. खिडकीची काच थरथरायची, फळीवरचे पेले किणकिणायचे आणि आई म्हणायची, "सराव चाललाय." तेवढ्यावर विषय संपायचा. कशाचा सराव, किती दिवस, असं कोणी विचारत नसे. गेल्या मे महिन्यात सीमेवर लढाई पेटली, त्या दिवसांत मला तरी तो आवाज आला नाही. आला असेलही, टीव्हीच्या गोंगाटात बुडाला असेल. पण मी मुद्दाम कान देऊन बसायची आणि ऐकू येत नाही म्हणजे काय, याचा विचार करायची. तोफा इथून गेल्या असतील का? कुठे गेल्या असतील? गप्प असलेल्या गोष्टीचा अर्थ लावत बसण्याची ती सवय अजून सुटलेली नाही.

तेव्हा मी इथल्या एका लहानशा दैनिकात जिल्हा पान बघत होते. उपसंपादक. शालिमारजवळ एका औषधाच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर आमचं कार्यालय. खालून सतत औषधांचा कडवट वास यायचा आणि समोरच्या फुटपाथवर पेठ-सुरगाण्याकडच्या बायका पळसाच्या पानांत करवंदं घेऊन बसायच्या. लोकांना वाटतं उपसंपादक म्हणजे लिहिणारा माणूस. खरं तर आमचं काम गाळण्याचं. बत्तीस वर्षं मी गाळत आले. पुढाऱ्यांची विशेषणं गाळली, सत्कारांतली नावं गाळली, बातमीदारांची पल्लेदार वाक्यं गाळली. गाळणं म्हणजे लबाडी, असं मला कधीच वाटलं नाही, आणि हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे सांगणार आहे ते वाचून कोणाला वाटेल की मला सगळंच छापायचं होतं.

लढाई सुरू झाली त्याच दिवशी दुपारी नांदगावहून सलीमभाईंचा फोन आला होता. सलीमभाई आमचे तिथले बातमीदार. पोटापाण्याला झेरॉक्सचं दुकान, आणि बातमीदारी हौसेची. म्हणाले, "मॅडम, लष्कराच्या गाड्या लादलेली मालगाडी गेली आत्ता टेसनातून. लय मोठी. फोटो पाठवू का?" मी म्हटलं, पाठवू नका, आणि असेल तर मोबाईलमधूनही काढून टाका. कोणती गाडी कुठून कधी गेली, हे आपण का सांगायचं? त्या गाडीत माणसं आहेत. माध्यमांसाठी तशी सूचनाही आली होती आणि मला ती पटली होती. ती बातमी मी स्वतः गाळली. आजही गाळेन.

कार्यालयात भिंतीवर टीव्ही होता. एरवी त्याचा आवाज बंद असायचा, त्या दिवसांत कोणीतरी तो मोठा करून ठेवला होता. पडद्यावर सायरन वाजत होते, आकाशात आगीचे लोळ, आणि ती चित्रं कुठली, कधीची, हे कुणीच सांगत नव्हतं. एका वाहिनीने शत्रूचं अख्खं शहर घेतलं. तासाभरात दुसरीने राजधानी घेतली. आमच्या क्रीडा पानाचा माणूस टाळ्या वाजवत होता. मी फोटो बघत होते. एका फोटोतल्या इमारतीवरची अक्षरं कुठल्या तिसऱ्याच देशातली होती. मी ते बोलून दाखवलं, तर सगळ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी लग्नात शिंकले.

ती शंकेची पहिली ठिणगी. ज्यांना काही माहीत नव्हतं ते अखंड बोलत होते. ज्यांना माहीत होतं ते बोलत नव्हते. आणि मधे आम्ही, जिल्ह्याचं पान भरणारे.

दुसऱ्या दिवशी सलीमभाईंचा पुन्हा फोन. या वेळी आवाज दबका.

"मॅडम, एक बातमी हाय. पण बातमी हाय का नाय, तेच कळत नाय."

नांदगावजवळच्या एका गावातला संदीप नावाचा जवान. तोफखान्यात ड्रायव्हर. सहा दिवस त्याचा फोन लागत नव्हता. सकाळपासून मोबाईलवर त्याचा फोटो फिरत होता, गणवेशातला, खाली दोन मेणबत्त्या आणि श्रद्धांजलीच्या ओळी. कोणी टाकला, कोणालाच माहीत नव्हतं. गावातल्या मंडळींनी फ्लेक्स छापायला दिला, तो चौकात लावायला शिडीही आणली. आणि संदीपच्या वडिलांनी, सगळे त्यांना तात्या म्हणतात, ती शिडी धरून ठेवली.

"तात्या काय म्हणाले?" मी विचारलं.

"म्हणाले, माझं पोरगं हाय का गेलं, ते मला आधी सांगा, मग माझ्या छातीवर बॅनर ठोका. कोणाला काय बोलताच येईना. तहसीलला इचारलं, पोलिसात इचारलं. कोणाकडेच कायबी कागद नाय." मग सलीमभाई म्हणाले, "आणि मॅडम, माझं नाव नका टाकू बातमीला. आत्ता दिवस कसे हायेत, तुम्हाला ठाऊक."

मला ठाऊक होतं. वीस वर्षं त्यांच्या नावाने बातम्या छापल्या होत्या. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी नाव काढायला सांगितलं आणि मी काही न विचारता काढलं.

बातमी मी फार जपून लिहिली. जवानाची तुकडी नाही, ठिकाण नाही. गावाचं नावसुद्धा नाही, फक्त नांदगाव तालुका. मोबाईलवर फिरणाऱ्या संदेशाला कोणताही अधिकृत आधार नाही, कुटुंबाला तशी काहीही सूचना आलेली नाही, आणि असे संदेश पुढे पाठवू नयेत अशी वडिलांची विनंती आहे. आठ-नऊ ओळी. पानाच्या खालच्या कोपऱ्यात बसवली आणि संध्याकाळी पान पाठवून घरी आले. आज एका घराचं भलं केलं, असं वाटत होतं. रस्त्याने येताना करवंदं घेतली.

सकाळी पेपर उघडला तर त्या जागी तिरंगा रॅलीचा फोटो.

मी आमच्या संपादकांना फोन लावला. आहेर सर. सरळ माणूस, आवाज कधी चढवणार नाही, चुकीच्या शब्दापेक्षा चुकलेल्या अनुस्वाराचा ज्यांना जास्त त्रास व्हायचा असे. म्हणाले, "सुलभाताई, वरून फोन होता. सध्या जवानांबद्दल काहीच नको. एक ओळसुद्धा नको."

"पण सर, त्यात गुप्त असं काहीच नव्हतं."

"ते आपण कोण ठरवणार?"

या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं असं नाही. पण त्या दिवसांत हवाच तशी होती. प्रश्न विचारणारा माणूस कुणाच्या बाजूचा, हे आधी बघितलं जायचं, प्रश्न नंतर. मी म्हटलं, "बरं सर," आणि फोन ठेवला.

त्याच दिवशी दुपारी चारच्या सुमारास एक मुलगी कार्यालयाच्या दारात उभी राहिली. मुलगी कसली, तिशीची बाई, पण उन्हाने आणि जागरणाने चेहरा एवढासा झालेला. अंगावर कंपनीचा निळा ॲप्रन तसाच. हातात आमचा पेपर, घडी घालून घालून चुरगळलेला.

"जिल्ह्याचं पान कोण बघतं?"

ती वैशाली. संदीपची बायको. सातपूरला एका वर्कशॉपमध्ये इलेक्ट्रिक पॅनेलच्या वायरिंगचं काम करायची आणि तिथेच कॉलनीत खोली घेऊन राहायची. तिची मुलगी सुट्टीत गावाला तात्यांकडे. फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर बस पकडून थेट आली होती. सलीमभाईंनी तिला सांगितलं होतं की उद्या पेपरात खुलासा येतोय, म्हणजे फोटो फिरायचा थांबेल. तिने सकाळी कामावर जाताना स्टॉपवर पेपर घेतला. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचला. राशिभविष्यसुद्धा.

मी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. तिने पाण्याला हात लावला नाही.

"मॅडम, खरं सांगा. तुम्हाला कळलंय ना काहीतरी?"

"नाही गं. आम्हाला काहीच माहीत नाही."

"मग बातमी काढली का? येणार होती ती. जिवंत माणसाची बातमी कोणी काढत नाही. तुमच्याकडे काहीतरी आलं असणार, म्हणून काढली."

हे मला सुचलंच नव्हतं. मी बातमी न छापण्याचा अर्थ माझ्या बाजूने लावला होता, नोकरीच्या, नियमांच्या, हवेच्या. सातपूरच्या बसस्टॉपवर उभं राहून त्या कोऱ्या जागेकडे बघणाऱ्या बाईला तिथे काय दिसेल, याचा मी विचारच केला नव्हता. तिला तिथे नवऱ्याचा मृत्यू दिसला होता. तो तिने सकाळी साडेसहाला वाचला आणि मग आठ तास उभं राहून लाल, काळ्या, निळ्या वायरी जोडल्या.

"वरून फोन आला होता," मी म्हटलं. "सध्या जवानांबद्दल काही छापायचं नाही, एवढंच."

"वरून म्हणजे कुठून?"

मला माहीत नव्हतं. आहेर सरांना मी विचारलंच नव्हतं. मुंबईहून? दिल्लीहून? लष्करातून? मालकांकडून? एखाद्या पुढाऱ्याकडून? मी नुसती मान हलवली, जणू ते सांगण्यासारखं नाही. खरं म्हणजे मला ते ठाऊकच नव्हतं, पण माहीत असून सांगत नाही असा माझा चेहरा झाला. मला तो दिसला. तिलाही दिसला.

भिंतीवर टीव्ही चालूच होता. निवेदक ओरडून ओरडून सांगत होता की आपल्या कुठल्या तुकड्या कुठून आत घुसल्या. नकाशावर लाल बाण पळत होते. वैशाली थोडा वेळ ते बघत राहिली.

"ह्यांना नाही का येत फोन वरून?" तिने विचारलं.

उपरोध नव्हता. ती खरंच विचारत होती. कोणीतरी रिमोट शोधून आवाज बंद केला.

मी तिला घेऊन सैनिकांच्या कुटुंबांसाठी असलेल्या सरकारी कार्यालयात गेले. तिथे एक निवृत्त सुभेदार बसायचे, मिशा पांढऱ्या, बोलणं हळू. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, दोन-तीन ठिकाणी फोन लावले, कुठेच लागला नाही. मग ते तिला म्हणाले, "बेटा, माझ्याकडे माहिती नाही, आणि असती तरी कदाचित आज सांगता आली नसती. पण एक सांगतो. वाईट असेल तर ते मोबाईलवर येत नाही, पेपरातही येत नाही. माणूस येतो. आधी तुझ्या दारात माणूस येतो, गणवेशात. तो आला नाही, तोवर कुणाचंही ऐकू नकोस."

मला वाटलं, किती चांगलं बोलले. तिचाही चेहरा जरा उजळला. पण त्या वाक्याने पुढच्या तीन दिवसांत तिचं काय केलं, ते मी डोळ्यांनी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, माझी सुट्टी होती. मी सातपूरला तिच्या खोलीवर गेले. तिसऱ्या मजल्यावर, जिन्यात तेलकट वास, खाली कुठेतरी लेथ चालू. तिचं दार सताड उघडं. मी म्हटलं, "अगं, ऊन येतंय, डास येतील, लोटून तरी घे." तर म्हणाली, "नको मॅडम. दार वाजलं की जीव जातो. उघडं असलं की वाजत नाही."

आम्ही दोघी त्या उघड्या दाराकडे तोंड करून बसलो. जिन्यात पाऊल वाजलं की ती श्वास धरायची. बुटांचा आवाज वेगळा, चपलांचा वेगळा, हे तिला एका दिवसात कळायला लागलं होतं. वरच्या मजल्यावरचा एक माणूस सुरक्षा रक्षकाच्या नोकरीला होता, तो ड्युटीवरून बूट वाजवत आला तेव्हा वैशालीने माझं मनगट असं धरलं की तिच्या बोटांचे वळ संध्याकाळपर्यंत राहिले. तो दारावरून पुढे गेला. ती खाली बसली आणि हसली. ते हसू मला नको होतं बघायला.

मी तिला विचारलं, "तात्या कसे आहेत?"

"चौकातच बसून असतात म्हणे. कुणी बॅनर लावू नये म्हणून." मग म्हणाली, "मॅडम, तेवढ्या ओळी आल्या असत्या ना, तर त्यांनी पेपर दाखवला असता लोकांना. बघा, छापलंय, म्हणून. म्हाताऱ्या माणसाचं कोण ऐकतं? छापलेलं ऐकतात."

त्याच संध्याकाळी लढाई थांबल्याची बातमी आली. कॉलनीत फटाके वाजले, एकाने पेढे वाटले. कुणी म्हणालं जिंकलो, कुणी म्हणालं अजून मारायला हवं होतं. खिडकीतून गुलमोहराची लाल फुलं दिसत होती. वैशालीने पेढा हातात घेतला आणि तो विरघळेपर्यंत तसाच धरून ठेवला.

फोन आला सोमवारी. ते तिने मला नंतर सांगितलं. अनोळखी नंबर. पलीकडून पुरुषाचा आवाज, "मी बोलतोय." एवढ्या दिवसांत तिला इतक्या खोट्या गोष्टी कळवल्या गेल्या होत्या की नवऱ्याच्या आवाजावर तिचा विश्वास बसेना. तिने विचारलं, "आपल्या पोरीला तुम्ही घरात काय हाक मारता?" पलीकडून उत्तर आलं, "काय? मोठ्याने बोल." तिने पुन्हा विचारलं. "मोठ्याने बोल गं, ऐकू येत नाही." तिसऱ्यांदा ती किंचाळून विचारत होती, शेजारच्या बायका धावत आल्या होत्या, आणि मग तो म्हणाला, "चिमणे म्हणतो. का गं? चिमणीला काय झालं?"

अशा रीतीने तिला दोन्ही गोष्टी एकदमच कळल्या. संदीप जिवंत आहे, आणि त्याला ऐकू येत नाहीये.

मी संदीपला पहिल्यांदा भेटले श्रावणात. तो रजेवर आला होता. डावा कान पूर्ण गेलेला, उजव्यात यंत्र. उंच, सावळा, लाजरा. बोलताना समोरच्याच्या ओठांकडे बघायचा. कसं झालं, असं मी विचारलं नाही. वैशालीने आधीच सांगितलं होतं की तिलाही त्याने सांगितलेलं नाही.

तोवर गावात त्याचा सत्कार झाला होता. जे मंडळ मे महिन्यात श्रद्धांजलीचा बॅनर लावायला निघालं होतं, त्याच मंडळाने स्वागताचा लावला, फोटोही तोच. आणि आमच्या पेपराने अर्धं पान छापलं. शत्रूच्या माऱ्यातून गाडी कशी काढली, जखमी सहकाऱ्याला खांद्यावर कसं उचललं, कानातून रक्त वाहत असताना कशी घोषणा दिली. ते पान माझ्याच टेबलावरून गेलं होतं. लिहिणाऱ्याने संदीपला भेटायचे कष्ट घेतले नव्हते, हे मला माहीत होतं. मी ऱ्हस्व-दीर्घ तपासले आणि पान सोडलं. मेमध्ये नऊ खऱ्या ओळींना जागा नव्हती. श्रावणात खोट्याला अर्धं पान होतं. त्या वेळी मात्र वरून काही आलं नाही.

संदीपने ते कात्रण घडी उघडून माझ्यासमोर ठेवलं. "मॅडम, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणीच नाही," मी म्हटलं.

त्याने कात्रणाची पुन्हा घडी घातली. "माझी पोरगी शाळेत वाचून दाखवती हे. आता तिला काय सांगू?"

मी दिवाळीत निवृत्त झाले. निरोपसमारंभात मला नारळ मिळाला, शाल मिळाली आणि माझ्या काटेकोरपणाचं कौतुक झालं.

आता या मे महिन्यातली गोष्ट. पिंपळगाव बसवंतला एका लग्नाला गेले होते. हायवेला लागून मंगल कार्यालय, बाहेर उन्हाळ कांद्याने भरलेल्या टेम्पोंची रांग, आत अक्षता आणि कुलरचा घरघराट. जेवणाच्या पंगतीत शेजारी आहेर सर आले. त्यांनीही नोकरी सोडली होती. वजन उतरलेलं, शर्ट ढगळ झालेला. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मठ्ठा प्यायलो. आणि मला कुठून धीर आला कोण जाणे, मी विचारलं, "सर, एक विचारू? गेल्या मेमध्ये तो फोन कुणाचा होता?"

"कुठला?"

"जवानांबद्दल काही छापायचं नाही म्हणून. वरून आलेला."

त्यांनी जिलबीचा तुकडा ताटात परत ठेवला. बाहेर टेम्पोवाल्यांचे हॉर्न चालले होते. वाढपी भाताचं पातेलं घेऊन आला, त्यांनी ताटावर आडवा हात धरला.

"कुणाचा नव्हता," ते म्हणाले.

मला वाटलं, टाळतायत. म्हटलं, "आता सांगायला काय हरकत आहे, सर?"

"सुलभाताई, खरंच सांगतो. फोन आलाच नव्हता. येईल असं वाटलं होतं. इतरांना आला असं कानावर होतं, तेही खरं की खोटं देव जाणे. म्हटलं, उद्या येण्यापेक्षा आजच काढून टाकू." मग म्हणाले, "तुम्ही विचाराल असं वाटलं होतं मला. कुणाचा फोन म्हणून. विचारलं असतंत तर कदाचित ठेवली असती."

मी बसने परत आले. खिडकीच्या काचेला तापलेल्या डांबराचा वास चिकटलेला. वर्षभर मी त्या फोनवर संशय घेतला होता. त्या आवाजाला मी एक चेहरा दिला होता, एक खुर्ची, एक गणवेशसुद्धा. दिल्लीतलं कुठलं तरी थंड केबिन. आणि तो आवाज शालिमारजवळ, औषधाच्या दुकानावर, आमच्याच दोन टेबलांच्या मधे कुठेतरी होता. आता यात आनंद मानावा की दुःख, हेच मला कळेना. सूचना देणारे असतील, दबाव आणणारेही असतील, ते नसतात असं मी मुळीच म्हणत नाही. पण आमच्यापर्यंत यायची त्यांना गरजच पडली नव्हती.

दुसऱ्याच दिवशी सातपूरला गेले. वैशाली घरी होती, संदीपही. त्याला आता हलकं काम दिलंय, रजेवर आला होता. चिमणी आतल्या खोलीत झोपलेली. मी दोघांना सगळं सांगितलं. संदीपसाठी मोठ्याने, शब्द तोडून तोडून सांगावं लागलं, त्यामुळे मलाही ते तसंच ऐकावं लागलं. फोन. आलाच. नव्हता.

वैशाली चिडेल असं वाटलं होतं. ती चिडली नाही. म्हणाली, "मी त्या दिवशी तुम्हाला विचारलं होतं, वरून म्हणजे कुठून. आठवतं?"

"आठवतं."

"मग तुम्ही त्या साहेबांना जाऊन का नाही विचारलं? पलीकडच्याच खोलीत होते ना ते?"

सहा पावलांवर केबिन होतं. काचेचं दार. ते आत होते, मला दिसत होते. एका कामगार बाईने मला तोंडावर विचारलेला प्रश्न मी सहा पावलं उचलून पुढे नेला नाही, आणि त्याच्या बदल्यात ती तीन दिवस दार उघडं टाकून बसली. मी तिला म्हटलं, "भीती वाटली." तेवढंच खरं होतं.

ती आत गेली, चहा टाकला. परत आली तेव्हा म्हणाली, "आता तरी लिहा. आमची नावं बदला, पण लिहा."

म्हणून हे लिहिलं. सगळी नावं बदलली आहेत.

निघताना संदीप मला सोडायला खाली आला. वर्कशॉपच्या शेडमागे लिंबाच्या झाडाखाली सावली होती, तिथे तो थांबला, आणि मी न विचारता त्याने मला त्या दिवशी काय झालं ते सांगितलं. पाच-सात मिनिटं बोलला. पहिल्यांदाच माझ्या ओठांकडे न बघता, जमिनीकडे बघत. अर्ध्या पानाच्या त्या बातमीत होतं त्यातलं काहीही त्यात नव्हतं.

"हे लिहू का?" मी विचारलं. त्याने ऐकलं नाही. मी पुढे होऊन, त्याच्या उजव्या बाजूला जाऊन पुन्हा विचारलं, "संदीप, हे लिहू का?"

"नको मॅडम," तो म्हणाला. "अजून चिमणीला सांगितलं नाही. आधी तिला सांगू द्या."

तर तेवढं इथे नाही. पण या वेळी गप्प राहायला मला कोणी सांगितलं, ते मला माहीत आहे. मी विचारलं होतं.